लाळेची साक्ष



दंतवैद्यांच्या संमेलनात अध्यक्षानं व्यवसायाच्या एकंदर भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी तो मोडतो. लाळ तपासून इम्प्लांटभोवतीची सूज वेळेत ओळखता येते का, आणि येत असेल तर ही तपासणी कुणाची, केव्हा करायची, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. पुढे कित्येक वर्षं आपल्याला एकच धाकधूक होती, हाड टायटॅनियमला धरेल की नाही. ते धरतं. आता प्रश्न पुढचा आहे. डेर्क्स आणि टोमासी यांनी 2015 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला. सरासरी 43 टक्के पेशंटमध्ये म्युकोसायटिस, म्हणजे नुसती हिरडीची सूज, आणि 22 टक्क्यांत पेरिइम्प्लांटायटिस, म्हणजे हाडाची झीजही. आजाराची व्याख्या बदलली की आकडाही बदलतो. त्यामुळे दुसरा आकडा अभ्यासागणिक 1 पासून 47 टक्क्यांपर्यंत हलतो. तरी खालच्या टोकाला टेकून निर्धास्त बसावं असं काही नाही.

अडचण अशी की हा आजार मुकाट्यानं वाढतो. नैसर्गिक दाताच्या मुळाला लिगामेंट असतं, हिरडीचे तंतू मुळात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटला यातलं काही नाही. तंतू त्याला समांतर धावतात, रक्तपुरवठा तोकडा, आणि सूज हाडापर्यंत उतरली तरी ठणका लागेलच असं नाही. कॅप बसली, मटण खाता येऊ लागलं की पेशंट गायब. रिसेप्शनवरून फोन केला तर उत्तर ठरलेलं : "दुखत तर काहीच नाही, मग यायचं कशाला?" त्यांचं चुकतं असंही नाही. दुखलं की या, हे आपणच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय.

आपल्या हातातली साधनं पाहा. प्रोब आहे, पण हिरडीतून रक्त आलं नाही तर खुशाल राहावं, आलं तर मात्र आजार पक्का धरता येत नाही. त्यात सिगारेट ओढणाऱ्याची हिरडी सुजली तरी रक्त कमीच येतं. एक्स-रे हाड गेल्यावर बोलतो, आणि गालाकडच्या बाजूचं हाड त्यात दिसतच नाही. 2017 च्या जागतिक वर्गीकरणानुसार जुनी नोंद हाताशी नसेल तर प्रोब टेकवल्यावर रक्त, 6 मिलिमीटर खोली आणि 3 मिलिमीटर हाडाची घट दिसली की पेरिइम्प्लांटायटिस म्हणायचं. दहा मिलिमीटरच्या इम्प्लांटचं 3 मिलिमीटर हाड! निदान होईपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्युकोसायटिस साफसफाईनं परत फिरू शकतो. गेलेलं हाड परत आणणं हे काय प्रकरण असतं, ते या सभागृहाला मी सांगायला नको.

लाळेकडे वळायचं ते म्हणूनच. सूज आली की न्यूट्रोफिल पेशी कोलॅजन तोडणारं एन्झाइम सोडतात. एमएमपी-8 त्याचं नाव. हेलसिंकीच्या टिमो सोर्सा यांच्या गटानं त्याच्या सक्रिय रूपावर अनेक वर्षं काम केलं आणि त्यातून खुर्चीशेजारी करता येणारी चाचणी तयार झाली. पेशंटनं आधी साध्या पाण्यानं तोंड धुवायचं, जरा थांबायचं, मग थोडं शुद्ध पाणी अर्धा मिनिट तोंडात खेळवून कपात थुंकायचं. त्यात पट्टी बुडवायची. मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या वर एन्झाइम असेल तर दुसरी रेघ उमटते. पाचेक मिनिटांचा मामला. सुई नाही, भूल नाही.

जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात लोरेन्झ माइनल यांच्या गटानं 2017 मध्ये आणखी मजेशीर कल्पना मांडली : च्युइंग गम. सुजेतलं एन्झाइम गममधली साखळी तोडतं, कडू द्रव्य सुटतं आणि जीभच सांगते की डॉक्टरकडे जा. कल्पना फारच गोड आहे, चव सोडून.

आता खरी गोम. लाळ सगळ्या तोंडाची असते, इम्प्लांट एक असतं. सोसायटीचं पाण्याचं बिल फुगलं म्हणून कुठल्या फ्लॅटचा नळ गळतोय हे कळत नाही. बाकीच्या सव्वीस दातांत पायोरिया असेल तर ही पट्टी रंगणारच, इम्प्लांट ठणठणीत असलं तरी. शंका असेल तिथं त्या इम्प्लांटच्याच खोबणीतून द्रव घ्यावा लागतो, तशा पट्ट्याही आहेत. उलट ज्यांच्या तोंडात नैसर्गिक दात एकही नाही, सगळं काही इम्प्लांटवरच उभं आहे, त्यांच्या बाबतीत चुळीचं पाणी बरंच नेमकं बोलतं. तिथं हिशेब सोपा होतो.

दुसरा हिशेब कागदावर करू. समजा, शंभर पेशंट आले, त्यांतल्या वीस जणांना खरोखर आजार आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी 90 टक्के पकडते, निरोग्यांपैकी 80 टक्क्यांना सोडून देते. मग 18 आजारी पकडले जातील, पण 16 निरोगीही घाबरतील. रेघ उमटलेल्या 34 जणांपैकी जवळजवळ निम्मे निरोगी! पण रेघ न उमटलेल्या 66 जणांत आजारी दोनच. म्हणजे ही पट्टी "आहे" म्हणते तेव्हा तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. "नाही" म्हणते तेव्हा तिचं म्हणणं बरंच वजनदार आहे. उमटलेली रेघ दाखवून लगेच फ्लॅपचं कोटेशन पुढे करणाऱ्यांनी हा कागद जवळ ठेवावा. किटचे विक्रेते तो ठेवणार नाहीत.

आपल्याकडचं चित्र आणखी गुंतागुंतीचं. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मिसरी लावणाऱ्या बायका गावोगावी आहेत, आणि गुटखाबंदी 2012 पासून आहे म्हणून पेशंटच्या गालातला गुटखा गेला असं कुणी समजू नये. अशा तोंडांत 20 हीच सीमा धरायची का? हेलसिंकीत ठरलेला आकडा जुन्नरच्या तोंडाला जसाच्या तसा लागू होईल असं मी गृहीत धरत नाही. ते आपल्याच पेशंटवर तपासून पाहायला हवं.

त्यासाठी माझा आग्रह एकच आहे. कॅप बसवून हिरडी स्थिरावली की त्याच पेशंटची पहिली लाळ तपासा आणि फाइलमध्ये त्या दिवशीच्या एक्स-रेशेजारी, प्रोबच्या मापाशेजारी लिहून ठेवा. पुढच्या भेटीत तुलना दुसऱ्या कुणाच्या सरासरीशी नको, त्याच्या स्वतःच्या आकड्याशी व्हावी. रेघ नव्यानं उमटली की आधी दातांचा पायोरिया पाहा, मग इम्प्लांटची खोबण, मग एक्स-रे. या क्रमात सर्जरी सगळ्यात शेवटी येते. चाचणीचे पैसे कॅपच्या खर्चातच धरा. वेगळं बिल दिसलं की फोनवरचं ते ठरलेलं उत्तर येणारच.

नोंदणीच्या टेबलावर एकपानी नमुना ठेवला आहे : वय, शुगर, तंबाखूची सवय, राहिलेले नैसर्गिक दात, प्रोबची खोली, पट्टीचा निकाल. पेशंटचं नाव त्यात कुठंही नाही. ज्यांच्याकडे वर्षाला दोनच इम्प्लांट होतात त्यांनीही तो घ्यावा. छोट्या गावातल्या नोंदी आल्याच नाहीत, तर आपल्या हाती फक्त पुण्या-मुंबईच्या तोंडांचा आकडा येईल.