सरकारी शाळा पारखायची कशी?
(कोरगाव येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या शिक्षण मराठीतून झाले. १९९० च्या धोरणाने प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेपुरते ठेवले होते. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. तेव्हापासून सरकारी शाळेचा पट घसरला की ‘तिथे दर्जा नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण दर्जा तपासला कोणी?

मी बँकेत कारकून आहे. खात्यातली शिल्लक पासबुकात कळते, बँकेच्या रंगरंगोटीवरून नव्हे. तिसरीच्या मुलाला दुसरीचा उतारा द्या. सरळ वाचतो का, अर्थ सांगतो का पाहा. हातच्याची वजाबाकी घाला. ग्रामीण भागातली ‘असर’ पाहणी २००५ पासून अशीच साधी कसोटी लावत आली आहे.

मग शिक्षक मोजा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि वर्षाला २०० दिवस शिकवणे व्हायला हवे. चार इयत्ता एकाच शिक्षकाच्या गळ्यात असतील तर दोष माध्यमाचा कसा?

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तिथे नुसत्या सह्या करू नका. उणीव दिसली तर लेखी ठराव घ्या, शिक्षण खात्याला आणि आमदारांना पाठवा, उत्तर मागा.

मराठीचा अभिमान व्यासपीठावर मिरवून शाळा टिकणार नाही. मूल वाचू लागले, तरच पालक तिथे थांबतील.