एश्बाल आणि ईश-बोशेथ : एका हिब्रू नावाचे मूळ

हिब्रू बायबलमध्ये शौल राजाच्या एका मुलाची दोन नावे आढळतात. सेनापती अबनेराने महनाईम येथे ज्याला गादीवर बसवले आणि दोनच वर्षांच्या कारकिर्दीनंतर ज्याचा त्याच्याच घरात खून झाला, तो राजपुत्र शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ईश-बोशेथ या नावाने येतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील वंशावळीत मात्र त्याचे नाव एश्बाल आहे. ‘ईश-बोशेथ’ म्हणजे ‘लज्जेचा पुरुष’, आणि असे नाव कोणताही पिता, त्यातही राजा, आपल्या मुलाला ठेवणार नाही. म्हणून एश्बाल हेच मूळ नाव होय, हे बहुतेक अभ्यासकांचे मत पटण्याजोगे आहे.

या नावातील उत्तरपदाचा मराठी ‘बाल’शी काही संबंध नसून तो ‘बआल’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ धनी, स्वामी किंवा पती. कनानी लोकांच्या पर्जन्यदेवाचेही तेच नाव. पूर्वपदाचा अर्थ काही जण ‘पुरुष’ असा करतात, तर काही जण ‘आहे’ असा, म्हणजे संपूर्ण नाव ‘बआलचा माणूस’ किंवा ‘बआल आहे’ असे होते. एवढ्यावरून शौलावर मूर्तिपूजेचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच्याच दुसऱ्या मुलाच्या, योनाथानाच्या, नावाचा अर्थ ‘याहवेने, म्हणजे इस्राएलाच्या देवाने, दिलेला’ असा आहे, आणि दावीदाच्या साथीदारांत तर ‘याहवे हाच बआल’ अशा अर्थाचे नाव धारण करणारा एक योद्धा होता. त्या काळी इस्राएलाच्या देवालाही ‘बआल’ म्हणजे स्वामी म्हणत असावेत, इ.स.पू. आठव्या शतकातील होशेय संदेष्टा हे संबोधन यापुढे नको असे बजावतो, ते यामुळेच.

पुढे या शब्दाचा उच्चारही नकोसा झाला, तेव्हा लेखनिकांनी त्याच्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे लज्जा, हा शब्द घातला. अक्कादी भाषेतील ‘बाश्तु’, म्हणजे तेज किंवा प्रतिष्ठा, या शब्दाशी ‘बोशेथ’ जोडून ईश-बोशेथ हेही खरेच नाव मानणारा एक पक्ष आहे आणि तो विचारार्ह आहे. परंतु योनाथानाचा मुलगा मरीब्बाल हा मफीबोशेथ होतो आणि गिदोनाचे यरुब्बाल हे नाव एका ठिकाणी यरुब्बेशेथ होते, हे पाहता हेतुपुरस्सर केलेल्या बदलाचाच पक्ष बळकट वाटतो. विशेष म्हणजे इतिहासाची पुस्तके शमुवेलाच्या पुस्तकांहून उत्तरकालीन असूनही जुने रूप त्यांतच टिकले. ती कमी वाचली जात असल्याने लेखनिकांचा हात त्यांवरून फिरला नाही, असे अनुमान केले जाते.

या नावाला ग्रंथाबाहेरचा पुरावा एला खोऱ्यातील खिर्बेत कैयाफा येथे मिळाला. योसेफ गारफिंकेल आणि सार गानोर यांच्या उत्खननात 2012 मध्ये सापडलेली खापरे जोडली असता एका रांजणावर ‘एश्बाल बेन बेदा’, म्हणजे बेदाचा पुत्र एश्बाल, अशी कनानी लिपीतील अक्षरे दिसली. हा राजपुत्र नव्हे, हे पित्याच्या नावावरूनच उघड आहे; पण रांजण सुमारे इ.स.पू. 1000 चा, म्हणजे परंपरेने शौल-दावीदांचा मानलेल्या काळाचा आहे. उत्तरेकडील शोमरोन येथे 1910 मध्ये मिळालेल्या, इ.स.पू. आठव्या शतकातील खापरांवरच्या नोंदींत याहवे आणि बआल या दोहोंवरून ठेवलेली नावे शेजारी शेजारी दिसतात. दक्षिणेकडील यहूदाच्या नंतरच्या लेखांतून मात्र बआलयुक्त नावे नाहीशी झालेली आहेत.