मोडलेला देह आणि माणसाचा उद्धार



वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावरून चित्रपटाविषयी काय बोलायचे, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात आली असेल. परंतु या देशात चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके १८७० साली आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मले. तेव्हा नाशिककरांनी तरी चित्रपटाला परका मानू नये. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत, तो ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कबीर खान, नायकाच्या भूमिकेत कार्तिक आर्यन. भाषा हिंदी असली, तरी कथा एका मराठी माणसाची आहे, आणि तो माणूस कल्पनेतला नाही.

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या दलात ते कारागीर होते आणि मुष्टियुद्धात त्यांचे नाव होते. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ठोसा मारणाऱ्याचे बळ हातात दिसते, पण ते निघते पायांतून. पायच गेल्यावर मुष्टियोद्ध्याचे काय उरले? हाच प्रश्न या चित्रपटाच्या मुळाशी आहे.

पाठीचा कणा दुखावला म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मज्जारज्जू तुटला की खालच्या अंगाला हालचालही राहत नाही आणि वेदनाही कळत नाही. रोगी एकाच कुशीवर पडून राहिला तर कातडीला जखमा होतात; त्या त्याला कळतही नाहीत आणि चिघळतात. मूत्राशय नीट रिकामे होत नाही म्हणून मूत्रपिंडांना बाधा होते. पूर्वी असे बहुतेक रोगी मणक्याच्या जखमेने न मरता या दोन कारणांनी मरत. लुडविग गुटमन या जर्मन ज्यू डॉक्टरला हिटलरच्या राजवटीमुळे देश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला होता. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे त्याने अशा सैनिकांसाठी विभाग उघडला. ठरावीक वेळाने कूस बदलणे, स्वच्छता आणि कामधंदा, असा त्याचा परिपाठ होता. खेळ हा त्याने औषधाचाच भाग मानला. २९ जुलै १९४८ रोजी त्याने सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे बीज ते हेच. त्याच गुटमनच्या मायभूमीत, हायडेलबर्ग येथे, १९७२ साली ही स्पर्धा झाली आणि तेथे पेटकर पोहोचले.

त्याआधी १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले होते आणि पहिली फेरी जिंकले होते. हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर मुक्तशैली पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळविले ते २००८ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनंतर!

आता चित्रपटाकडे वळू. आपल्या पडद्यावर अपंग माणूस बहुधा दोन कामांसाठी येत असे. एक तर प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी. नाही तर शेवटच्या रिळात जिन्यावरून पडून किंवा देवापुढे टाहो फोडून एकदम बरा होण्यासाठी. सुधा चंद्रन यांनी स्वतःचीच कथा साकारलेल्या ‘नाचे मयूरी’ने १९८६ साली ही रीत मोडली. ‘चंदू चॅम्पियन’ त्याच वाटेने जातो. येथे नायकाचे पाय परत येत नाहीत. जे गेले ते गेले, हे मान्य केल्यावरच त्याची कथा पुढे सरकते, आणि हे आम्हांस या चित्रपटाचे मोठे सत्त्व वाटते. मुष्टियोद्ध्याच्या खांद्यांत जे बळ उरले होते, त्याला पाण्यात काम मिळाले. जमिनीवर ओझे झालेले पाय पाण्याने उचलून धरले. जुने आयुष्य परत मिळविण्याचा हट्ट सुटला, तेव्हा नवे हाती आले.

मात्र एका गोष्टीत आमचा चित्रपटाशी मतभेद आहे. चित्रपटाला जिद्दीचे फार वेड असते. जिद्द असली की सारे होते, असे तो सांगतो आणि आपण टाळ्या पिटून घरी जातो. पण जिद्दीला पाणी लागते, आणि पाण्यापर्यंत नेणारे हात लागतात. पेटकरांना पोहणे लाभले ते लष्करी रुग्णालयातील उपचाराच्या ओघात. परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांचे साहाय्य मिळाले. पुढे पुण्याला टेल्कोत नोकरी मिळाली. हे हात नसते, तर तीच जिद्द खाटेवर पडून विझली असती. चित्रपटातही गुरू टायगर अली आहे, रुग्णालयातला सोबती आहे. परंतु शेवटी आपल्या लक्षात राहतो तो एकटा वीर.

आणि पदकानंतर काय झाले? चित्रपट सुरू होतो तो म्हाताऱ्या मुरलीकांतापासून. आपल्याला अर्जुन पुरस्कार का मिळाला नाही, म्हणून तो पोलीस ठाण्यात तक्रार गुदरायला आला आहे. प्रसंग हसविणारा आहे, पण त्यातली जखम खरी आहे. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो चित्रपट लागल्यानंतर, जानेवारी २०२५ मध्ये. गोळीची जखम शत्रूने केली. विसरण्याची जखम मात्र आपण केली.

विश्वविजेत्याची ही गत, तर जो कोणतेही पदक आणणार नाही त्याचे काय? आपला तालुका द्राक्षांचा, टोमॅटोचा. ट्रॅक्टर उलटतो, मोटारसायकल घसरते, विहिरीचे काम करताना माणूस पडतो. असा माणूस घरी आणला, की पडवीत खाट पडते. चार दिवस पाव्हणे येतात, हळहळतात, मग वर्दळ थांबते. त्याला चाकांची खुर्ची मिळाली, तरी ती उंबऱ्यापाशी अडते. आपण त्याला अपंग म्हणत होतो, आता दिव्यांग म्हणतो. नाव बदलले, हे बरेच झाले. पायऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

२०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती अशा माणसांना खुल्या करण्यास सांगतो. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम त्यांच्यासाठी खर्चावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. ती रक्कम कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क आपला आहे. वाचनालय, शाळा, कचेरी यांच्या दारापुढे एक उतार बांधायला गवंड्याला कितीसा वेळ लागेल? आणि पडवीतल्या त्या माणसाला, ‘तुला आता काय करता येईल?’ असे विचारायला तर पैही लागत नाही.

उद्धार हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे. तो आम्ही साध्या अर्थाने घेतो: माणूस पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडू लागला आणि त्याला स्वतःला तसे वाटू लागले, की त्याचा उद्धार झाला. पेटकरांना ते पदक मिळण्याआधीच साधले होते, पाण्यात पहिला हात मारला त्या दिवशी. तो पहिला हात मारण्याची सोय आपल्या गावात आहे की नाही, एवढे आपण घरी जाऊन पाहावे.