ताटीआडचा कर्ता पुरुष



संतचरित्रांत परंपरेने सांगितला जाणारा एक प्रसंग पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सारखाच परिचित आहे. लोकनिंदेने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरले आणि त्यांनी आतून ताटी लावून घेतली. दाराशी येऊन उभी राहिली ती धाकटी बहीण मुक्ताबाई. तिने ताटी फोडली नाही, गाव गोळा केले नाही, किंवा समजुतीचे चार शब्द सांगून ती निघूनही गेली नाही. ती बोलत राहिली. आणि ताटी उघडली ती आतून. तिचे ते बोल ताटीचे अभंग म्हणून आजही गाइले जातात.

या प्रसंगातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. ज्याच्यापाशी इतरांनी आधारासाठी यावे, त्यालाही एके दिवशी दार लावून घ्यावेसे वाटले. आणि परंपरेने ते लपविले नाही, त्यात त्याचा कमीपणाही मानला नाही. संतांच्या बाबतीत जे समजून घेता आले, ते स्वतःच्या बापाच्या, भावाच्या किंवा मुलाच्या बाबतीत समाजाला अद्याप समजून घेता येत नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

आदिलाबादचा मुलूख काळ्या मातीचा आणि कापसाचा. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु सीमा बदलल्याने शेतीचे दैव बदलले नाही. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, बियाण्यासाठी उसनवारी, आणि पीक हाती आले तर बाजारात भाव नाही, हा क्रम बेला, जैनद, तामसीकडील शेतकऱ्याला नवा नाही. या सर्व व्यवहाराचा भार ज्याच्या शिरावर असतो, त्याला मराठीत ‘कर्ता पुरुष’ म्हणतात. शब्द मोठा गौरवाचा आहे. पण त्यात एक जाच दडलेला आहे. कर्त्याने करायचे असते, सांगायचे नसते. बाईच्या डोळ्यांत पाणी आले तर शेजारीण जवळ बसते. पुरुषाच्या डोळ्यांत आले तर ‘गडीमाणूस असून रडतोस काय?’ असा प्रश्न येतो. लहानपणी ऐकलेला हा प्रश्न माणूस जन्मभर विसरत नाही.

याची किंमत किती आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून दिसते. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांतील दर १०० मध्ये सुमारे ७२ पुरुष होते. अशा मृत्यूमागे एकच कारण क्वचितच असते. कर्ज, आजार, व्यसन, घरातील कलह आणि उपचारावाचून राहिलेला विषाद हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. परंतु त्या सर्वांना घट्ट गाठ मारते ती मुकेपणाची.

हा विषाद ओळखणेही सोपे नाही, कारण पुरुषाच्या ठायी तो पुष्कळदा दुःखाच्या रूपाने प्रकटच होत नाही. तो चिडचिड होऊन येतो, पाठदुखी होऊन येतो, रात्रीची झोप घेऊन जातो. बाजाराच्या दिवशी गावात न जाणे, पारावरची बैठक टाळणे, जेवणावरची वासना उडणे ही त्याचीच चिन्हे असू शकतात. कित्येकदा तो दारूच्या आड लपतो. गाव म्हणते, माणूस बिघडला. माणूस खचला आहे, असे कोणी म्हणत नाही. आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत इतकी दृढ आहे की मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल या भयाने घरचेच लोक आजार झाकतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले, की विषाद, चिंता यांसारख्या सामान्य मनोविकारांनी पीडित असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जण उपचारावाचून राहतात.

मग करावे काय? बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे दटावणी. ‘हिंमत धर, पुरुषासारखा वाग.’ या उपायाची परीक्षा फार पूर्वी होऊन गेली आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. ज्याच्या शौर्याविषयी शंका घेण्यास जागा नाही, असा योद्धा ऐन रणांगणात गळून जातो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याची निर्भर्त्सना करतात; ती दोन श्लोकांत संपते आणि तिने अर्जुन उठत नाही. तो पुन्हा बोलतो, आपले दैन्य उघड करतो, मार्ग विचारतो. त्यानंतरच तो दीर्घ संवाद सुरू होतो. गीता उभी राहिली ती दटावणीवर नव्हे, संवादावर.

समुपदेशन या शब्दात उपदेश दडलेला असल्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. वस्तुतः त्यात उपदेश अत्यल्प आणि श्रवण अधिक असते. समुपदेशक शांतपणे ऐकतो, गुंता सोडवून त्यातील एकेक धागा वेगळा करण्यास साह्य करतो, आज उचलता येईल असे लहानसे पाऊल सुचवितो, आणि गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवितो. हे काम शिकलेल्या सामान्य माणसालाही साधते, याचा पुरावा दूर नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी फार तर चार बैठकी केल्या. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ३६ जणांचे घातक मद्यपान थांबलेले आढळले. न मिळालेल्यांत हेच प्रमाण शेकडा २६ होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. अठरा महिन्यांत, विषादग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. हे दोन्ही निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनानेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात खचलेला शेतकरी शोधण्याचे काम गावातील आशाताईंकडे आले. पैनगंगेपलीकडचा यवतमाळ त्या जिल्ह्यांपैकीच एक.

समुपदेशनाने कर्ज फिटते काय, पाऊस पडतो काय, असा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. फिटत नाही, पडत नाही. कापसाला योग्य भाव, वेळेवर पीककर्ज आणि विम्याची भरपाई यांना पर्याय नाही, आणि त्यांची मागणी सोडण्याचे कारणही नाही. परंतु भाव वाढेल तेव्हा तो घेण्यास शेतकरी जिवंत असला पाहिजे. घर वाचवायचे असेल तर घरधनी आधी वाचला पाहिजे.

कायद्याची दृष्टीही आता बदलली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची व्यवस्था शासनाने करावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम उरलेले नाही. पोलिसांच्या भयाने दवाखाना टाळण्याचे कारण राहिलेले नाही.

या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. कचेरीचे काम तेलुगूत भागते; मनातली व्यथा मात्र आईच्या भाषेतच बाहेर येते. या दृष्टीने १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा उपयुक्त आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तेथे रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, आणि तेलुगू व मराठी या दोन्ही भाषांची सोय आहे. हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर, कृषी केंद्राच्या दुकानात आणि मंदिराच्या भिंतीवर दोन्ही लिपींत लिहून ठेवणे हे गावाला विनाखर्च करता येण्याजोगे काम आहे.

परंतु क्रमांक भिंतीवर असून भागत नाही. तो फिरविण्याची लाज गेली पाहिजे. ती घालविणे हे घराचे आणि गावाचे काम. एखादा भाऊ अबोल झाला, तर ‘काय झाले?’ असे चारचौघांत विचारू नये. बांधावर त्याच्याशेजारी जाऊन बसावे. तो बोलू लागला, तर त्याला मध्ये तोडू नये, दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाचा दाखला देऊ नये. जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. आणि वडीलधाऱ्या पुरुषांनी, आपणही कधी खचलो होतो, हे मुलांसमोर एकदा तरी सांगावे. त्या एका वाक्याने तरुणाला जेवढा धीर येईल, तेवढा दहा उपदेशांनी येणार नाही.

ताटी बाहेरून फोडता येत नाही. फोडली तर आतला माणूस अधिकच आत सरतो. तिच्याशी थांबून हाक मारावी लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. मुक्ताबाईने केले ते एवढेच. गावोगावच्या कर्त्या पुरुषांच्या दाराशी असे कोणीतरी उभे राहिले, तर त्यांतील पुष्कळ ताट्या आतून उघडतील.