स्वायत्तता आणि तिचे चिनी प्रतिशब्द

ज्या ग्रीक शब्दाला आपण 'स्वायत्तता' म्हणतों, त्याचीं पदें दोन : 'स्वतः' आणि 'कायदा'. चिनी भाषेंत त्याला तीन प्रतिशब्द लाभले. 'त्झ-जी' म्हणजे स्वतःचा कारभार, 'त्झ-जू' म्हणजे स्वतःचें धनीपण, आणि 'त्झ-ल्यू' म्हणजे स्वतःचा नियम. तत्त्ववेत्त्या कांटच्या नीतिविचारासाठीं तिसरा शब्द योजला गेला. १९६५ सालीं 'स्वायत्त प्रदेश' ठरलेल्या तिबेटच्या वांट्यास मात्र पहिला आला. त्या शब्दांत कारभार आला, कायदा राहिला. चीनच्या १९८२ च्या राज्यघटनेप्रमाणें अशा प्रदेशाचे स्वायत्ततेचे नियम बीजिंगच्या मंजुरीवांचून अमलांत येत नाहींत. म्हणून भाषांतरकारानें प्रतिशब्द निवडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : येथें कायदा कोणाचा?