कंठाला विसावा



मराठी कीर्तनातून हरिकथा जेथे बहरली, त्या तंजावुरात कंठाचे मोल काय सांगावे? आम्ही वैद्य नव्हे, सरकारी अधिकारी. गतवर्षी रामनवमीच्या कीर्तनात आमचे स्वरतंतू दुखावले. स्टेरॉइडने सूज झपाट्याने उतरली. बरे वाटले म्हणून आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि आवाज पार बसला.

तेव्हा उमगले, की स्टेरॉइड दाह आवरते, कधी वणाचा ताठरपणाही कमी करते. परंतु जखम भरून येणे तेच लांबवू शकते. सूज ओसरली म्हणजे जखम सांधली असे नव्हे. साध्या बोलण्यातही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास शंभराच्या आसपास वेळा एकमेकांवर आपटतात! म्हणून औषध वैद्याच्या सल्ल्याने घ्यावे आणि मौन आपल्या निश्चयाने पाळावे. तीन शतकांहून अधिक काळ येथे मराठी टिकली ती घरोघरच्या कंठांत. ते कंठ आपण जपू या.