सहीची पत : कामावरचे शिक्षण आणि त्याची परीक्षा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



पेढीवर काम शिकायला आलेल्या मुलाला पूर्वी कोणी अभ्यासक्रम देत नसे. प्रथम गादी झाडणे, मग माल मोजणे, नंतर रोजमेळ उतरवणे, पुढे खतावणी आणि अखेरीस वसुलीसाठी एकट्याने गावोगाव फिरणे, अशा पायऱ्या तो चढत असे. त्याची परीक्षा रोज संध्याकाळी रोजमेळ जुळवताना होई. मात्र या शिक्षणात एक मोठी उणीव होती. पेढी सुटली की त्याच्याजवळ आपल्या शिक्षणाचा काहीही पुरावा उरत नसे. पनवेलमध्ये गाड्यांची चाके घडवणाऱ्या सुतारांची आणि भातगिरणीतील कारागिरांची अवस्था याहून वेगळी नव्हती. हाताला कसब होते. पण ते परक्या गावात सिद्ध करणारा कागद नव्हता.

ही उणीव दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम. या कायद्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, त्याची नोंदणी होते आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. शिक्षणाचे साधारणतः तीन भाग असतात. पहिला मूलभूत प्रशिक्षणाचा. यात हत्यारे, मापे आणि सुरक्षितता यांची ओळख होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून त्याच व्यवसायात उत्तीर्ण झालेल्यांना हा भाग पुन्हा करावा लागत नाही. दुसरा आणि सर्वांत मोठा भाग प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचा. तिसरा अनुषंगिक शिक्षणाचा. हाताने जे केले त्यामागचे गणित आणि शास्त्र त्यात समजावले जाते. शेवटी व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण उमेदवाराला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र देशभर चालते, हेच त्याचे सामर्थ्य.

आता खरा प्रश्न परीक्षेचा आहे. लेखी उत्तरपत्रिकेत वीजतंत्रीने सुरक्षेचे सर्व नियम बिनचूक लिहिले, म्हणून तो पंख्याला हात लावण्यापूर्वी पुरवठा बंद करीलच, याची खात्री देता येत नाही. ती खात्री त्याला काम करताना पाहिल्यावरच होते. म्हणून जाणता परीक्षक तीन गोष्टी तपासतो : काम नीट झाले का, ते सुरक्षितपणे झाले का आणि ते तसेच का केले हे उमेदवाराला सांगता येते का. एकदा जमलेले काम योगायोगानेही जमलेले असू शकते. त्यामुळे वर्षभराच्या कामाची नोंदवही फार मोलाची ठरते. पर्यवेक्षकाने त्या त्या दिवशी पाहून केलेली सही हा पुरावा असतो. शेवटच्या दिवशी एका बैठकीत केलेल्या शंभर सह्या हा केवळ शाईचा खर्च.

व्यापारी समाजाला हे वेगळे समजावण्याची आवश्यकता नाही. हुंडी हा कागदाचा तुकडाच; तिच्यावर कोणाची सही आहे, यावर ती सकारली जाई. प्रमाणपत्राचेही तसेच आहे. अपात्र उमेदवाराला दयाबुद्धीने दिलेला एक खोटा शेरा त्याच संस्थेतून शिकलेल्या दहा प्रामाणिक मुलांची पत घटवतो. वेल्डिंगचा सांधा उघडला किंवा क्रेनचा दोर सुटला, तर त्या दयेची किंमत तिसराच कोणी जिवाने मोजतो.

याच कारणास्तव शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व सर्वत्र मान्य झाले आहे. २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या व्यवस्थेत मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये १९८६ नंतर उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय व्यावसायिक पात्रतांमध्ये परीक्षक कामाच्या जागी जाऊन निरीक्षण करी आणि त्याचा निर्णय दुसरा पडताळणी अधिकारी तपासून पाही. पुढे तेथे पुराव्यांच्या फायलीच इतक्या फुगल्या, की कौशल्यापेक्षा कागद मोठा झाल्याची टीका झाली. जर्मनीने १९६९ च्या कायद्याने हे काम मुख्यत्वे व्यापारी, औद्योगिक आणि कारागिरांच्या मंडळांकडे सोपवले. तेथील परीक्षा समितीत मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसाय शाळेचे शिक्षक असे तिघेही बसतात आणि हे काम मानद म्हणून करतात. दुकानदाराने आपल्या व्यवसायातील पुढच्या पिढीची परीक्षा घेणे, हे तेथे समाजकार्य समजले जाते.

ज्यांनी कधी शिकाऊ उमेदवारी केलीच नाही, पण वर्षानुवर्षे काम केले, त्यांचे काय? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय करण्यात आली. यात अनुभवी कारागिराला पुन्हा पहिलीत बसवले जात नाही. त्याला काय येते ते पाहिले जाते, उणीव असेल तेवढीच भरून काढली जाते आणि मग परीक्षा होते. पंधरा वर्षे वेल्डिंग करूनही ‘मदतनीस’ म्हणूनच नोंद असलेल्या माणसासाठी तो कागद म्हणजे पगाराइतकाच सन्मानाचा प्रश्न असतो.

पनवेलच्या दृष्टीने हा विषय आज जिव्हाळ्याचा आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, तळोजे व पाताळगंगा येथे कारखाने वाढले आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. मालवाहतूक, गोदाम, शीतगृह, देखभाल-दुरुस्ती यांची कामे दाराशी आली आहेत. ती भूमिपुत्रांना मिळावीत, तर जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर कौशल्याचा दाखलाही हाती हवा.

हे केवळ मोठ्या कारखान्यांचे काम नव्हे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. तर चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक राहिले. म्हणजेच बाजारपेठेतील मध्यम दुकान, छापखाना, औषधविक्रेता किंवा हिशेबनिसाचे कार्यालय यांनाही हे दार खुले आहे.

तेव्हा ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्या प्रत्येकाने एका तरी होतकरू मुलाला वा मुलीला रीतसर करारावर घ्यावे, मनापासून शिकवावे, त्याचे काम उभे राहून पाहावे आणि मगच सही करावी. पूर्वजांनी पेढीच्या सहीची पत राखली. ती पत पुढच्या पिढीच्या प्रमाणपत्रावर उमटावी, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सदिच्छा.